एकसष्ट टक्क्यांपाशी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. दारव्हा

नागपूरच्या डॉक्टरांनी आज तारीख दिली. मंगळवार, सव्वीस नोव्हेंबर. अब्बांच्या स्वरयंत्रात गाठ आहे आणि ते अख्खं काढावं लागणार आहे. मी विचारलं, "म्हणजे आवाज?" डॉक्टर म्हणाले, "आवाज जाईल. जीव राहील." मग कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यात एक भोक दाखवलं आणि पुढं इथून श्वास घेतील म्हणून सांगितलं. अब्बा त्या चित्राकडे असे बघत होते, जसे दुसऱ्या मिस्त्रीनं खोलून ठेवलेल्या इंजिनाकडे बघतात.

येताना बसमध्ये अम्मी खिडकीशी बसली होती. यवतमाळ येईपर्यंत एकदाच बोलली. "तीस वर्सं तंबाखूचा खर्रा खाल्ला. मी थुंकदाणी साफ करत राह्यली."

नेर रोडला आमचं गॅरेज आहे, मागच्या बाजूला घर. ट्रॅक्टर, थ्रेशर, विहिरीच्या मोटारी. चालू ट्रॅक्टरपाशी उभं राहून अब्बा रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याला "दो चाय!" सांगायचे आणि त्याला ऐकू जायचं. दोन महिन्यांपासून आवाज बसलाय, खरखरतो. पण अजून त्यांचाच आहे. फोनवर "हां" म्हटलं तरी ओळखू येतो.

घरात आम्ही अर्धं उर्दू, अर्धं वऱ्हाडी बोलतो. हे मराठीत लिहिते, कारण शाळा मराठी होती आणि अम्मीला मराठी वाचायचा कंटाळा आहे.

बावीस दिवस आहेत. मी काहीतरी करणार आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं. एक आवाजाचं सॉफ्टवेअर आहे, ओपन सोर्स, म्हणजे त्याचा सगळा कोड कुणालाही बघता-वापरता येतो. माणसानं दोनशे वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. त्यातून ते त्याच्या आवाजाचा साचा करतं. पुढं आपण जे टाइप करू ते त्या माणसाच्या आवाजात बोलतं. डॉक्टरांनी गळ्याला लावायचं एक यंत्र दाखवलं होतं, पण त्यातून सगळ्यांचा आवाज सारखाच येतो, पत्र्याचा.

क्लासवरून आल्या आल्या अब्बांना सांगितलं. (मी इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग आणि बाकीचं शिकवते.) ते कार्ब्युरेटर पुसत होते.

"दोनशे वाक्यं मी वाचू? शाळेतल्या पोरावानी?"

"अब्बा, मंग तुमचाच आवाज राहीन मशीनमदी."

"पहिले चालवून दाखव. गाडी चालू झाल्याबिगर मी गिऱ्हाइकाले बसवत नाई."

बरोबर आहे त्यांचं. दोन दिवसांत चालवून दाखवते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तयार मिळणारं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालत नाही. लॅपटॉप सेकंडहँड, बारा वर्षांपूर्वीचा, त्याच्या प्रोसेसरला नव्या काही सूचना कळत नाहीत. म्हणून मूळ कोड घेऊन इथंच बनवायला घेतलं. ते काम कंपायलर करतो. माणसानं लिहिलेला कोड घ्यायचा आणि मशीनला कळेल असा करून द्यायचा.

चाळीस मिनिटं ओळी सरकत होत्या. एकसष्ट टक्क्यांवर थांबलं. मला वाटलं कोडमध्ये चूक असेल. तसं नव्हतं. लिहून आलं होतं की कंपायलरच्या आतच बिघाड झाला आहे, कृपया पूर्ण माहितीसह तक्रार नोंदवा.

अब्बा हात पुसत मागं येऊन उभे होते. त्यांना सांगितलं.

"म्हणजे पार्ट खराब नाई," ते म्हणाले, "ज्या लेथवर पार्ट बनवाचा ते लेथच तुटली?"

"हो."

"मंग लेथवाल्याले सांग. तू काय करशीन?"

मला हसू आलं. क्लासमधल्या कुणालाही इतक्या लवकर समजलं नसतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनदा चालवून पाहिलं. लॅपटॉप थंड करून, बाकी सगळं बंद करून. तिन्ही वेळा तीच फाइल, तीच ओळ, एकसष्ट टक्के. म्हणजे दोष माझ्या लॅपटॉपचा नाही.

तक्रार लिहिली. आयुष्यातली पहिली. इंग्रजी चारदा तपासलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं असे तीन रकाने आहेत. खाली चौथा आहे, ऐच्छिक: याचा तुमच्या कामावर काय परिणाम होतो. तिथं अब्बांबद्दल सहा ओळी लिहिल्या. वाचून पाहिलं तर भीक मागितल्यासारखं वाटलं. तिथली माणसं मोठमोठ्या कामांतली, त्यांना माझ्या घरचं कशाला? खोडलं. "बिल्ड होत नाही" एवढंच ठेवलं.

पाठवल्यावर बरं वाटलं. आता कुणीतरी बघेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर नाही. तोवर मोबाइलमध्ये अब्बांचे जुने व्हॉइस मेसेज शोधले. तीन निघाले. "हां, येतो." "अम्मीले सांग, दूध आणलं." तिसरा सगळ्यात मोठा, नऊ सेकंद, पण त्यात ट्रॅक्टरच जास्त ऐकू येतो. अब्बांना व्हॉइस मेसेज आवडत नाहीत. म्हणतात, समोर माणूस नाही तर कोणाशी बोलू. मामाच्या लग्नाचा व्हिडिओ पाहिला. अब्बा हसताना दिसतात, आवाज सगळा बँडचा.

निवडणुकीच्या प्रचाराचा भोंगा दिवसभर दारासमोरून. एकाचा गेला की दुसऱ्याचा.

११ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं! टोमास नावाचा माणूस आहे, कंपायलर सांभाळणाऱ्यांपैकी. दोनच ओळी. कोणती आवृत्ती आणि ज्या फाइलवर बिघाड होतो ती, तिला लागणारा इतर सगळा कोड आत भरून, पूर्ण पसरून पाठवा. पसरलेली फाइल नव्वद हजार ओळींची झाली. पाठवायला बसले तर लाइट गेली, आली तर नेट गेलं. शेवटी क्लासवर जाऊन पाठवली.

अब्बा हल्ली मला हाक मारत नाहीत. काही हवं असलं की शटरवर दोनदा ठोकतात, मी खिडकीतून बघते, ते हातानं खूण करतात. माझ्या कामात अडथळा नको म्हणून असेल. जेवतानाही अगदी हळू बोलतात. "हळू बोला, बाजूचे झोपले हायेत" हे अम्मी माझ्या लहानपणापासून सांगत आली, ते आता कुठं ऐकलं त्यांनी.

भावसिंगकाका आले होते. तांड्यावरचे, त्यांचा ट्रॅक्टर वीस वर्षांपासून अब्बांच्याच हातचा. मला म्हणाले, "बेटी, शब्बीरभाईले फोन लावतो तर उचलते, पण तिकून आवाजच नाई येत. नेटवर्कचा लोचा हाय का?"

म्हटलं, "हो काका, टॉवरचं काम चालू आहे म्हणतात."

१३ नोव्हेंबर, बुधवार

टोमासनं लिहिलं की फाइल फार मोठी आहे. बिघाड कायम ठेवून ती जितकी लहान करता येईल तितकी करा, मग दोष नेमका दिसेल. पद्धतही सांगितली. अर्ध्या ओळी काढायच्या, चालवायचं. बिघाड राहिला तर त्या ओळी नको होत्या. गेला तर परत घालायच्या. मग राहिलेल्यातल्या अर्ध्या.

क्लासला सुट्टी टाकली. दुपारपर्यंत नव्वद हजाराच्या अकरा हजार झाल्या. मध्येच अब्बा येऊन खाटेवर बसले. मी आकडे डोक्यात धरून होते, कोणती अर्धी काढली, कोणती ठेवली. त्यांचे ओठ हलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. बाहेर भोंगा चालू होता, काही ऐकू आलं नाही. मी तळहात वर केला, थांबा म्हणून. थोडा वेळ बसले आणि गेले. नंतर गॅरेजमध्ये जाऊन विचारलं, "काही म्हणत होते काय?" त्यांनी मान हलवली, काही नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चार हजार दोनशे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अडतीस ओळी! नव्वद हजारांच्या अडतीस. त्यांतली एक काढली तरी बिघाड जातो. साध्या अडतीस ओळी, एक वळसा म्हणजे लूप आणि त्यात दोन बेरजा, आणि एवढा मोठा कंपायलर त्यावर कोसळतो. मी एकटीनं शोधलं. लगेच पाठवल्या.

अम्मीला सांगायला गेले तर ती पोळ्या लाटत होती. "झालं काय तुहं?"

"जवळजवळ. आता ते दुरुस्त करतीन."

"मंग जाऊन बस त्यायच्यापाशी थोडीशी. चार दिवस झाले, नुसती पाठ दिसते तुही."

"अम्मी, मी कोनासाठी करून राह्यली? त्याईच्यासाठीच ना!"

तिनं पोळी तव्यावर टाकली. तिला वाटतं मी लॅपटॉपवर खेळते. अब्बांना कळतं माझं काम.

१७ नोव्हेंबर, रविवार

उत्तर नाही. रविवार आहे तिकडेही. नऊ दिवस उरले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मेल आला. उघडण्याआधी अब्बांना खिडकीतून अंगठा दाखवला. त्यांनीही दाखवला.

तक्रार बंद केली आहे. कारण: हीच तक्रार आधी नोंदली गेली आहे. पुढं एक क्रमांक. तो उघडला. तीन वर्षांपूर्वीची, कुणा दुसऱ्याची. खाली अकरा जणांनी "आमच्याकडेही असंच होतं" लिहिलेलं. उपाय काही नाही. दुरुस्ती पुढच्या मोठ्या आवृत्तीत, शक्य झाल्यास.

माझ्या अडतीस ओळी तिकडे नेऊन चिकटवल्यात. टोमासनं लिहिलंय, उत्तम उदाहरण, आभार.

मी काय करू त्या आभाराचं?

प्रचार काल संपला, त्यामुळे घर एकदम शांत आहे. इतकं शांत की जेवताना तिघांच्या ताटांचा आवाज येत होता. अब्बांना झालेलं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उठून गेले. त्यांनाही वाईट वाटलं असणार, म्हणून बोलले नाहीत.

संध्याकाळी लाज सोडून टोमासला लिहिलं. वडिलांचं ऑपरेशन सव्वीसला आहे, आवाज जाणार आहे, त्याआधी हे सॉफ्टवेअर चालायला हवं. खोडलेल्या सहा ओळीच होत्या त्या, थोड्या वेगळ्या शब्दांत.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. तिघं शाळेत गेलो. बायकांची रांग शेजारीच होती. टेबलामागच्या माणसानं अब्बांना दोनदा नाव विचारलं. त्यांनी ओळखपत्र पुढं सरकवलं. तो म्हणाला, "नाव सांगा ना चाचा." मी रांगेतूनच मोठ्यानं सांगितलं, "शेख शब्बीर शेख उस्मान." लोक वळून बघायला लागले. अब्बांनी माझ्याकडे बघितलंच नाही. कदाचित मी मोठ्यानं ओरडायला नको होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

टोमासचं उत्तर. या वेळी लांब आहे. मला पाठ झालंय. हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं, असं लिहिलंय. दोष दुरुस्त व्हायला महिने लागतील, पण त्या एका फाइलपुरता कंपायलरचा कोड वेगवान करण्याचा एक पर्याय बंद केला तर तो कोसळणार नाही. एका शब्दाचा बदल. कुठं करायचा तेही लिहून दिलं. खाली लिहिलंय, माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, लवकर करा.

एक शब्द. आणि मी सहा ओळी खोडल्या होत्या आठ तारखेला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. एकसष्ट टक्के ओलांडले, शंभर झाले. सॉफ्टवेअरसोबत नमुन्याचा एक आवाज येतो, कुणा परक्या माणसाचा, हिंदी. अब्बांना बोलावलं आणि "दो चाय" टाइप केलं. मशीन बोललं. शब्द नीट होते, जीव नव्हता त्यात.

अब्बा वाकून ऐकत होते. लॅपटॉपच्या झाकणावर थोपटलं, जसं बॉनेटवर थोपटतात. विचारलं, "आता बसाल ना वाचाले?" त्यांनी अम्मीकडे बघितलं. अम्मी दारात उभी होती. मग माझ्याकडे बघून मान हलवली. हो.

उद्या निकाल आहे, फटाके वाजतील. रविवारी करू. सोमवारी भरती व्हायचं आहे, पण दोनशे वाक्यांना तीन तास लागतात, आरामात होईल.

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःशीच वेगळं सांगेन.

अब्बांनी दाढी केली होती, ईदचा पांढरा कुर्ता घातला होता. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, हेडफोन ठेवून दिला कारण तो घातला की त्यांच्याशी बोलता येत नाही. वाक्यं मीच निवडली होती. बरीचशी त्यांचीच रोजची. "उमेरा, दार लाव." "दहा नंबरचा बोल्ट आण." "बाजारात आज कापूस आला."

वाक्य पडद्यावर आलं की ते वाचायचे. मी पडद्याकडे बघत होते, कारण तिथं आवाजाच्या रेषा उमटतात आणि त्या तुटायला नको असतात. रेषा फार बारीक होत्या. मी माईक जवळ नेला. मग अजून जवळ. ते फार हळू वाचत होते, तेवढं मला कळत होतं. मला वाटलं, लाजतात. म्हटलं, "अब्बा, जरा जोरानं. गॅरेजमदी बोलता तसं." त्यांनी मान हलवली, छाती भरून घेतली आणि पुन्हा वाचलं. कपाळावर घाम आला होता. अकरा वाक्यं झाल्यावर हात वर केला, बस. भिंतीला टेकून डोळे मिटले.

म्हटलं थोडा आराम करा, तोवर अकराची चाचणी घेते.

सॉफ्टवेअरनं दोन मिनिटांत उत्तर दिलं. अकरापैकी अकरा फायलींमध्ये आवाज आढळला नाही.

मी काय केलं, तर नवीन तक्रारीचं पान उघडलं. खरंच. माणूस माझ्यासमोर बसून अकरा वाक्यं बोलला आणि हे म्हणतं आवाज आढळला नाही, म्हणजे यातच चूक आहे. तिन्ही रकाने भरले. या वेळी चौथाही भरला, पहिल्याच दमात. मग नमुना म्हणून एक फाइल जोडायची होती. ती बरोबर आहे ना बघायला हेडफोन लावला.

श्वास होता. ओठ मिटल्याचा, उघडल्याचा आवाज. घड्याळ होतं. मागून कुकरची शिट्टी, ती स्पष्ट आली होती. मधे मी म्हणते, जरा जोरानं. त्यानंतर आणखी मोठा श्वास.

दुसरी फाइल लावली. तिसरी. सगळ्या ऐकल्या.

अब्बा झोपले होते की डोळे मिटून होते, माहीत नाही. मी स्वयंपाकघरात गेले. अम्मी भाजी निवडत होती.

"अम्मी, कवापासून?"

तिनं वर पाहिलं नाही. "कमी कमी होऊन राह्यला व्हता. तेरा-चवदा तारखेपासून काहीच नाई. मी डाक्टरले फोन केला. ते म्हणे गाठीनं होते, तारीख हायेच जवळ."

"मले काहून नाई सांगतलं?"

"त्यायनं मना केलं. म्हणे, पोरगी मशीन बनवून राह्यली, तिचं मन मोडन."

"मंग आज कायले बसले?"

"तू बस म्हटलं म्हणून."

मेथीची पानं एका बाजूला, देठ एका बाजूला. मी बसून तिच्याबरोबर निवडत राहिले. तक्रारीचं पान तसंच उघडं होतं. नंतर जाऊन न पाठवता बंद केलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार. नागपूर

भावसिंगकाकांनी काल त्यांच्या जीपनं आणून सोडलं. सकाळी साडेआठला अब्बांना आत नेलं. ट्रॉलीवरून ते काहीतरी बोलले. ओठ हलले, मला कळलं नाही. मी "हो अब्बा" म्हटलं. काय विचारलं होतं कुणास ठाऊक, मी हो म्हटलं.

सहा तास लागले. गाठ पूर्ण निघाली म्हणाले.

३ डिसेंबर, मंगळवार. नागपूर

नाकात नळी, गळ्यात भोक, त्यावर जाळीचा रुमाल. खोकला तिथूनच येतो. पाटी आणून दिली आहे. अब्बांना लिहायचा वैताग आहे, एक शब्द लिहितात आणि पाटी पालथी ठेवतात. आज लिहिलं, "गॅरेज?" मी सांगितलं, कुलूप आहे, चावी भावसिंगकाकांकडे आहे. मग लिहिलं, "क्लास?" म्हटलं, सुट्टी घेतली. त्यांनी मान हलवली. म्हणजे घेऊ नको, की बरं केलं, समजलं नाही.

लॅपटॉप सोबत आणला होता. त्या परक्या आवाजानं बोलता येतं हे दाखवलं. त्यांनी "पानी" टाइप केलं, बोटानं शोधत शोधत. मशीन बोललं. नर्स कौतुकानं हसली. अब्बांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि अम्मीकडे बघून ओठ हलवले. ते पाणी म्हणतात हे तिला कळलं, तिनं कापूस ओला केला, ओठांना लावला. लॅपटॉप त्यानंतर उघडला नाही.

२१ डिसेंबर, शनिवार. दारव्हा

घरी आलो.

१२ जानेवारी २०२५, रविवार

टोमासचा मेल. दोष दुरुस्त झाला. माझ्या अडतीस ओळींमुळे मुळाशी जाता आलं, तीन वर्षं अडकलेलं काम झालं. आता नवी आवृत्ती तुमच्या मशीनवर चालवून खात्री कराल का? खाली विचारलं होतं, वडील कसे आहेत, आवाज झाला का?

नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि तो एका शब्दाचा बदल काढून टाकून पुन्हा सुरू केलं. अब्बा उन्हात खुर्चीवर होते, मी लॅपटॉप तिथंच नेला. ओळी सरकायला लागल्या. ते बघत होते. एकसष्ट आलं, गेलं. मी म्हटलं, "लेथ दुरुस्त झाली अब्बा." ते हसले. हसले तरी आवाज येत नाही, खांदे हलतात फक्त.

टोमासला लिहिलं की चालतं. तक्रारीच्या पानावर स्थिती निवडायची होती, चार पर्याय होते. मी "दुरुस्त झाले" निवडलं. वडील बरे आहेत, असंही लिहिलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला तीनदा सुरुवात केली. शेवटी तो तसाच राहू दिला.

झाकण लावलं तर अब्बा माझ्याशी काहीतरी बोलत होते. बोट गळ्याशी नेलेलं. मी नीट बघितलं. मला वाटलं, मटण.

"मटण? अब्बा, डॉक्टरनं पातळच खा म्हटलं हाये."

त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा मटणच वाचलं. "उद्या खिमा करू का नरम?" त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं हसून हसून, आणि खोकला उठला.

अम्मी दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिकडूनच म्हणाली, "बटन म्हणून राह्यले. कुर्त्याचं वरचं बटन टोचून राह्यलं त्यायले. काढ ते."

काढलं. खाली भोकाभोवतीची कातडी लाल झाली होती.

"अम्मी, तुले इतक्या दुरून कसं समजते?"

"नवंबरात महिनाभर दुसरं काय केलं मी? बसून पाह्यतच व्हती."

मला लागावं म्हणून तिनं ते म्हटलं नव्हतं. चिमटा लावला आणि पुढची चादर घेतली.

मी खुर्ची वळवली आणि अब्बांच्या अगदी समोर बसले, गुडघ्याला गुडघा. म्हटलं, "काहीतरी बोला ना. काहीबी. मी पाह्यते."

अब्बांनी आधी हात हलवला, राहू दे म्हणून. मग बघितलं की मी उठत नाही. तेव्हा बोलायला लागले. बरंच लांब होतं ते. मध्ये थांबले, आठवलं, रस्त्याकडे हात केला, परत बोलले. एकदा अम्मी तिकडून वळून बघायला लागली, आणि पदर डोळ्याला लावून आत निघून गेली.

मी पापणी न हलवता बघत होते. सगळ्यातलं मला एकच कळलं. माझं नाव. ते दोनदा आलं.

"परत सांगा," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.